साडेबारा आणि सव्वाशे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या थोरल्या नणंदेला बेळगावच्या एका दवाखान्यात पाच दिवस काढावे लागले. कारण काय, तर चिठ्ठीवरचं एक फिकट टिंब. हे पत्र त्या टिंबाबद्दल आहे. ज्या घरात थायरॉईडची गोळी चालू आहे त्या प्रत्येक घरानं ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. आमच्या खानापूर तालुक्यात आता अशी घरं गल्लीगल्लीत आहेत.

वन्सं ७१ वर्षांच्या. आमच्यापासून चार घरं पलीकडे राहतात. हृदयाचं दुखणं जुनंच. उन्हाळ्यापासून पाय सुजायला लागले, आवाज जाड झाला, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. रक्त तपासलं तर थायरॉईड कमी. डॉक्टरांनी १२.५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली. वय झालेल्या आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ही गोळी अशी अगदी थोडक्यापासूनच सुरू करायची असते आणि मग बेताबेतानं वाढवायची असते. डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. पण चिठ्ठीवर बारा आणि पाच यांच्यामधलं टिंब नीट उमटलं नव्हतं आणि मेडिकलमधून भाच्याच्या हातात आली ती १२५ ची बाटली. दहापट! वन्संनी ती रोज इमानानं घेतली. एकोणीस दिवस.

शेवटच्या तीन-चार रात्री त्या अंगणातल्या कट्ट्यावर येऊन बसायच्या. बाहेर पाऊस, गारवा, आणि ह्यांच्या कपाळावर घाम. "छातीत लई धडधडतंय गं, झोपच न्हाई," म्हणाल्या. मी मनगट धरलं. दोन ठोके लागोपाठ, मग मध्येच खंड, मग तीन घाईघाईनं. तेव्हा मी घरातून चिठ्ठी आणि बाटली दोन्ही आणायला लावली, चष्मा पुसला आणि दिव्याखाली शेजारी शेजारी धरली. बाटलीवर १२५ स्वच्छ छापलेलं होतं. चिठ्ठीवर १२ आणि ५ यांच्यात सुईच्या टोकाएवढा निळा ठिपका होता. तो पाहायला मला कागद डोळ्याजवळ आणावा लागला.

दवाखान्यात गेल्यावर कळलं की हृदयाची लय बिघडली आहे. गोळी त्याच दिवशी थांबवली, पण डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे बंद केलं म्हणजे उद्या उतरेल असं नाही. ते पाच दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

मेडिकलवाल्याचं नाव मी इथे घेणार नाही आणि डॉक्टरांचंही नाही. त्यांच्याशी बोलायचं ते मी समक्ष बोलले आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. मी ३४ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. पाचवीच्या मुलांना दशांश अपूर्णांक शिकवताना दरवर्षी एक गोष्ट दिसायची: मूल १२.५ वाचताना अडखळतं, टिंब गिळतं, पण 'साडेबारा' म्हटलं की त्याला बरोबर कळतं. आपल्या भाषेत हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपाससुद्धा नाहीत. एक साडेबारा, दुसरा सव्वाशे. खेड्यातली अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा यांची गल्लत करणार नाही, कारण आयुष्यभर तिनं बाजारात हेच शब्द वापरले आहेत. मग चिठ्ठीवर आकड्याशेजारी अक्षरी एक शब्द लिहायला काय हरकत आहे? बँकेत शंभर रुपये काढायचे तरी आपण अक्षरी रक्कम लिहितो. आणि मेडिकलवाल्यानं बाटली हातात ठेवताना एवढंच तोंडानं म्हणावं, "मावशी, ही साडेबाराची हं." आमच्या वेळी तो 'सव्वाशेची' म्हणाला असता, भाच्यानं घरी येऊन तेच सांगितलं असतं, आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला साडेबारा वन्संना आठवत होता. चूक उंबऱ्यातच पकडली गेली असती.

ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे आपण किती बारीक मापाशी खेळतो आहोत याचा अंदाज यावा. १२.५, २५, ५०, ६२.५, ७५, ८८, १००, ११२, १२५ अशा कितीतरी ताकदींच्या गोळ्या मिळतात, त्या इतक्या जवळजवळच्या का, तर शरीराला एवढासा फरकही कळतो म्हणूनच. मापाची ही गोष्ट वन्संमुळे मला आता कळली. वेळेची गोष्ट मात्र मी स्वतःच्या अंगावर खूप आधी शिकले, तीही सांगते.

मला थायरॉईडची गोळी सुरू झाली तेव्हा मी ४८ वर्षांची होते, शाळेत होते. ५० ची गोळी. डॉक्टर म्हणाले, "सकाळी अनशापोटी घ्या." मी पहाटे पाचला उठून चहा टाकायची आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गोळी गिळायची. आपल्याकडे चहा घेणं म्हणजे खाणं नव्हे. "काही खाल्लंस का?" असं विचारलं तर आपण म्हणतो, "नाही, नुसता चहा झालाय." माझ्या लेखी मी अनशापोटीच होते. त्यातच गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियमची गोळी लागली होती. एकदाच पाणी, एकदाच काम, म्हणून तीही त्याच वेळी.

दर तपासणीला टीएसएच चढाच. रक्तातला हा आकडा चढा, म्हणजे अंगात थायरॉईड कमी. ५० ची ७५ झाली, ७५ ची १००, मग १२५. साडेचार वर्षं गेली. अंग जड, केस गळतात, बद्धकोष्ठ, शाळेत दुपारच्या तासाला खुर्ची सोडवत नाही. मला वाटायचं की माझं दुखणंच हट्टी आहे.

मग एका तरुण डॉक्टरबाईंनी गोळी वाढवायच्या आधी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते मला क्रमानं सांगा." मी सांगितलं. चहापाशी आल्याबरोबर त्यांनी मला थांबवलं. तो प्रश्न त्याआधी मला कुणीच विचारला नव्हता. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनी समजावलं ते असं. रिकाम्या पोटीसुद्धा ही गोळी सगळीच्या सगळी रक्तात जात नाही, थोडी वाया जातेच. पोटात चहा, कॉफी, दूध, अन्न असेल तर आणखी कमी जाते. कॅल्शियम, लोहाची गोळी, आणि आम्लपित्तावरची पांढरी औषधं तर आतड्यात तिला धरूनच ठेवतात, पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, चहासुद्धा नाही. आणि कॅल्शियम, लोह यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर.

मी दुसऱ्या दिवसापासून तसं केलं. आणि इथेच एक गोष्ट सांगायची राहू नये. गोळी १२५ चीच ठेवून मी वेळ सुधारली, तेव्हा इतकी वर्षं वाया जाणारा भाग आता अंगात जाऊ लागला. डॉक्टरबाईंनी सहा आठवड्यांनी तपासायला बोलावलं होतं. मी शाळेच्या परीक्षांमुळे दहाव्या आठवड्यापर्यंत लांबवलं. तोवर खडू धरलेला हात थरथरायला लागला होता. फळ्यावर 'क्ष' काढताना त्याचा फाटा वाकडा जायचा आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही घाबरला आहात का?" टीएसएच पार तळाला गेला होता, म्हणजे गोळी जास्त होत होती. ती ८८ वर आणली आणि आज नऊ वर्षं मी ८८ वर आहे. तेव्हा ज्यांना हे पत्र वाचून चहाआधीची वेळ सुरू करावीशी वाटेल त्यांनी जरूर करावी, पण डॉक्टरांना सांगून करावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावंच. त्याआधी तपासून उपयोग नसतो, नवा मेळ बसायला तेवढा काळ लागतो. जास्त गोळी वर्षानुवर्षं चालली तर हाडं ठिसूळ होतात आणि म्हातारपणी हृदयाची लय बिघडते. वन्संचं आपण पाहिलंच.

आता माझं असं असतं. उशाशी तांब्याभर पाणी आणि बाटली. जाग आली की गोळी. मग अंगण, सडा, रांगोळी, देवपूजेची फुलं. तोवर तास होतो. मगच चूल आणि चहा. शेजारच्या सूनबाई पहाटे चारला गोठ्यात जातात आणि डेअरीला दूध घालून आल्याशिवाय त्यांना स्वतःकडे बघायला वेळ नसतो, पण चहा मात्र उठल्या उठल्या लागतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ धरली, जेवणानंतर तीन तासांनी, निजताना. तेही चालतं. रोज तीच वेळ हवी, एवढंच.

माझ्या सुनेचं सांगते, कारण लेकीसुना असलेल्या घरांसाठी ते सर्वांत महत्त्वाचं आहे. तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं. लग्नाआधीपासून ५० ची गोळी चालू. दिवस गेले तेव्हा घरातल्याच एका जाणत्या बाईनं सांगितलं, "पोटुशीनं असल्या गोळ्या घेऊ नयेत, बाळाला बाधतं." मायेनंच सांगितलं. पोरीनं कुणाला न विचारता गोळी बंद केली. बारा दिवसांनी मला कळलं. त्याच दिवशी तिला घेऊन मी बेळगाव गाठलं.

पहिले तीन महिने पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला जे लागतं ते सगळं आईच्या रक्तातून जातं. म्हणून गरोदरपणात ही गोळी बंद तर करायची नाहीच, उलट बहुतेक बायकांना ती वाढवावी लागते, आणि दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर डॉक्टरांकडे जायचं असतं, तिसऱ्या महिन्याची वाट बघत नाही बसायचं. सुनेची गोळी ७५ केली आणि दर महिन्याला रक्त तपासलं. पुढे आशाताईंनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या गरोदरपणी घ्यायलाच हव्यात, पण वेळ सांभाळून. आम्ही भिंतीवर कागद लावला: पहाटे थायरॉईड, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री जेवणाबरोबर कॅल्शियम. बाळंतपणानंतर तिची गोळी पुन्हा ५० वर आली. बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त घेऊन त्याचीही थायरॉईड तपासणी झाली. नातू आता दोन वर्षांचा आहे आणि माझ्या पेटीतले खडू पळवतो.

लोक विचारतात, "एकदा सुरू केली की सवय लागते म्हणे, जन्मभर सुटत नाही." विहिरीचा झरा आटला आणि बाहेरून पाणी आणावं लागलं तर त्याला आपण व्यसन म्हणतो का? ग्रंथी जे तयार करायची तेच या गोळीत असतं. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क देऊन एका बाईंवर उपचार केले आणि त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. त्याआधी असे रोगी हळूहळू मिटत जायचे. बरं वाटलं म्हणून गोळी सोडणाऱ्यांनी ही बाई आठवावी. गोळीनंच बरं वाटत असतं. काही जणांची गोळी पुढे सुटतेही, पण ते रक्त बघून डॉक्टरांनी ठरवायचं.

याच्या उलटही पाहिलं आहे. आमच्याच भागातल्या एका मुलीनं वजन उतरवायला म्हणून मैत्रिणीची गोळी खाल्ली. थायरॉईड बरोबर असलेल्या माणसानं ती घेणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. कृपा करून कुणी करू नका.

भाचीनं केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि रिपोर्ट असा आला की जणू थायरॉईड वाढलंय. बायोटिन रक्तात असलं की काही यंत्रांवर तपासणी चुकीची दिसते. निदान दोन दिवस ते बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं तर सगळं जागच्या जागी. लॅबमध्ये जाताना केसांची, नखांची कसली गोळी घेत असाल तर सांगा. टीबीची, फिट्सची, रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्यांचा आणि या गोळीचा एकमेकांवर परिणाम होतो.

हरतालिकेला निर्जळी उपास करणाऱ्या बायका गोळीही सोडतात. एका दिवसानं मोठं नुकसान होत नाही, हे खरं. विसरली तर त्याच दिवशी आठवण आल्यावर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आपल्या मनानं दोन घेऊ नयेत. पण यल्लमाच्या डोंगरावर आठवडाभर, पंढरीच्या वारीला पंधरा दिवस, आणि बाटली घरी फडताळात, असं करू नका. गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतल्यानं माझ्या माउलीला राग येत नाही, हे मी मनापासून सांगते.

आणि आमचा पाऊस. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, मिठाचं पाणी होतं. या गोळीला ओल, ऊन आणि उष्णता तिन्ही सोसत नाहीत. चुलीवरच्या फळीवर, देवघरातल्या दिव्याशेजारी, खिडकीत ठेवू नका. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट, आतली छोटी पुडी फेकू नये. भीमगडच्या जंगलातली आमची काही गावं पावसाळ्यात तुटतात, त्यांनी मृगाच्या आधीच दोन महिन्यांची बाटली घरात आणून ठेवावी. कंपनी शक्यतो तीच ठेवावी. बदलावी लागली, स्वस्त पडते म्हणून जनऔषधीची घेतली, तर काही बिघडत नाही, पण सहा आठवड्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं.

संपादक महाशय, आता मागणी. बाटलीवर सगळं इंग्रजी असतं. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या पाकिटावर, भिंतीवरच्या तक्त्यावर कन्नड असतं. मी कन्नड वाचते, बोलते, त्या भाषेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तालुक्याच्या पूर्व भागातल्या कन्नड बोलणाऱ्या आजीला कन्नडमध्येच लिहून मिळायला हवं. तसंच जांबोटी, कणकुंबीकडच्या माझ्या वन्संना मराठीत मिळायला हवं. त्यांना चौथीपर्यंतचं मराठी वाचता येतं, दुसरं काही नाही. सुनेच्या माहेरी, सीमेपलीकडे महाराष्ट्रात, इथून काही मैलांवर, तिच्या मैत्रिणींना गरोदरपणाचं कार्ड मराठीत मिळतं. आमची सीमा कुठून कशी गेली याचा निवाडा व्हायचा तेव्हा होवो. औषध कधी आणि किती घ्यायचं हे रोग्याला कळणाऱ्या भाषेत सांगायला कुठल्या निवाड्याची गरज नाही.

खानापूर, बेळगाव, निपाणीच्या मेडिकलवाल्या बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. बाटलीवर चिकटवायला एक छोटा कागद छापून घ्या, वर कन्नड, खाली मराठी. त्यावर गोळीची ताकद अक्षरी लिहायला जागा ठेवा. खाली दोन ओळी: 'पहाटे नुसत्या पाण्याबरोबर. तासभर चहाही नाही.' मी माझ्या गल्लीतल्या अकरा बाटल्यांवर हातानं लिहून असे कागद लावले आहेत. ज्यांना नमुना हवा त्यांनी आपल्या कार्यालयातून मागवावा, मी पाठवलेली प्रत सोबत जोडली आहे.

वन्संची गोळी तीन आठवडे बंद ठेवून डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. येत्या सोमवारी सहा आठवडे होतात. आम्ही पहिल्या बसनं बेळगावला जाणार आहोत. त्या दिवशी रक्त दिल्यावरच गोळी घ्यायची असं सांगितलं आहे, म्हणून पाण्याची बाटली आणि औषधाची बाटली दोन्ही पिशवीत भरून ठेवल्या आहेत. औषधाच्या बाटलीवर वन्संनी स्वतःच्या हातानं, चौथीतल्या अक्षरात, लिहिलं आहे: साडेबारा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव